एका दोऱ्यापुरता वेळ

पत्र :

ताई, नमस्कार. माझं वय ४३. सकाळी पाचला उठते, रात्री अकराला पाठ टेकते. ऑफिसात हिशेबाचं काम, महिनाअखेरीला मान वर करायला फुरसत नसते. मुलगी परीक्षेच्या वर्षात, मुलगा आठ वर्षांचा, सासरे सात महिन्यांपासून अंथरुणावर. त्यांचं बहुतेक मीच बघते. वर्षापूर्वी एका मैत्रिणीने स्वतः शिवलेली गोधडी पाहिली आणि वाटलं, आपलं म्हणून काहीतरी करावं. चार रविवारांचा वर्ग केला आणि हौसेने डबल बेडची गोधडीच काढली. साडेचार इंचाचे ५२८ चौकोन कापले. मशीनवर सहा ओळी जोडून झाल्या, एका ओळीत २२. मग सासरे पडले. तेव्हापासून पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. कपाट उघडलं की ती दिसते आणि पोटात कसंतरी होतं. नणंद भेटली की विचारते, झाली का गं? नवरा म्हणतो, तयार मिळतात की, कशाला जिवाला त्रास. त्याच्या मनात वाईट काही नसतं. रात्री तासभर मोबाइल बघते, त्याने डोकं आणखी जड होतं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. विरंगुळा म्हणून जे घेतलं तेच ओझं झालं. सोडून देऊ का?
– अ.

उत्तर :

प्रिय अ.,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी कागद-पेन्सिल घेऊन तुमच्या सहा ओळींचं गणित मांडलं. त्यातून जे निघालं ते पुढे सांगणारच आहे, आणि ते तुम्हाला आवडेल असं वाटतंय. पण त्याआधी दोन गोष्टी बोलून घेते, कारण त्या बाजूला ठेवून नुसतं सुईदोऱ्यावर बोलणं मला पटणार नाही.

पहिली गोष्ट पहाटे तीनच्या जागेची. तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडले. हे बरेच आठवडे चालू असेल, कारण नसताना डोळे भरून येत असतील, जेवणावरची वासना उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सुई हातात घेतली की मन थाऱ्यावर येतं हे मी स्वतः अनुभवलंय. तरीही ते औषधाच्या जागी ठेवू नका. डॉक्टरांकडेही जा आणि गोधडीही शिवा, दोन्ही एकदम करता येतं.

दुसरी गोष्ट तुमच्या एका वाक्याची : ‘त्यांचं बहुतेक मीच बघते.’ सात महिने अंथरुणावरच्या माणसाचं करणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. कूस बदलायची, चादर बदलायची, औषधांच्या वेळा डोक्यात ठेवायच्या, आणि दुसऱ्या खोलीत असलं तरी एक कान तिकडे लावून बसायचं. तो लावलेला कान सगळ्यात जास्त थकवतो. अशा वेळी रिकामा वेळ आपोआप मिळत नाही, तो घरच्यांकडे मागावा लागतो, आणि मोघम मागून चालत नाही. ‘मला जरा वेळ द्या’ म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तेच सुरू होतं. नवऱ्याला सरळ सांगा : रात्री साडेनऊ ते दहा बाबांकडे तू बघायचंस, हाक आली तर तू उठायचंस, औषध कुठे ठेवलंय ते मला विचारायचं नाही. हवं तर पहिल्या दिवशी सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. मुलगी परीक्षेच्या वर्षात आहे हे खरं, पण पाणी नेऊन देण्याइतकी मोकळी तीही असते. नवऱ्याच्या मनात वाईट नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याला काम सांगायला संकोच कशाचा?

एवढं झालं की गोधडीकडे वळू.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : सोडू नका, पण जे काढलंय ते तसंच पुढे रेटूही नका. तुमची हौस खरी आहे. घोडं अडलंय ते मापात आणि मशीनमध्ये.

माप बघा. साडेचार इंचाचा चौकोन, दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिलाईत गेला की चार इंचाचा उरतो. ५२८ चौकोन म्हणजे ओळीत २२ आणि ओळी २४, म्हणजे ८८ बाय ९६ इंच. वर्गात पहिल्याच फटक्यात एवढी मोठी गोधडी काढायला कुणी सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. हे नुसतं जोडणं झालं. नंतर वरचा चौकोनांचा थर, मधली भर आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर एकत्र टाचून सगळीकडून शिवायचं असतं, आणि ८८ इंचांचं ते धूड घरगुती मशीनच्या छोट्याशा कमानीखालून गुंडाळून सरकवताना खांदे भरून येतात. सराईत हातसुद्धा तिथे कंटाळतात.

आणि मशीनचं म्हणाल तर मनाशी एकदा मोजून बघा. मशीन काढायचं, टेबल रिकामं करायचं, दोरा ओवायचा, इस्त्री तापवायची, मग शिवायचं, आणि जेवणाची वेळ झाली की सगळं पुन्हा उचलून ठेवायचं. मांडामांड आणि आवराआवर यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात. तुमच्याकडे सगळी मिळून तीस. म्हणजे शिवायला बसण्याआधीच वेळ संपला. वर मशीनचा आवाज, आजारी माणूस शेजारच्या खोलीत. तुम्ही आळस केलात म्हणून पिशवी वर गेली नाही. ते काम तुमच्या दिवसात मावणारंच नव्हतं. मशीन वाईट असं मी म्हणत नाही, ज्यांना स्वतंत्र खोली आहे, मशीन मांडूनच ठेवता येतं, त्यांना त्यातही तितकाच आनंद मिळतो. तुम्हाला मात्र आत्ता हाताची शिलाई हवी.

हाताच्या शिलाईला लागतं काय? एक सुई, एक रीळ, कात्री, मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, आणि मांडीवर कापड. उचललं की सुरू, ठेवलं की बंद. हाक आली तर टाका अर्धा राहिला तरी सुई कापडात टोचून उठता येतं. परत आलात की सुई जिथे होती तिथेच असते. तुमच्यासारख्या सतत कान लावून बसलेल्या बाईला ही सोय फार मोलाची आहे.

शिवताना नेमकं काय होतं ते जरा जवळून सांगते. उजवा हात वर, डावा गोधडीच्या खाली. वरून सुई उभी खुपसायची. खालच्या बोटाच्या टोकाला तिचं अणकुचीदार टोक जेमतेम जाणवलं की तिन्ही थर ओलांडले, तिथेच सुई आडवी करून पुन्हा वर वळवायची. वर अंगठ्याने कापड किंचित दाबायचं, म्हणजे टोक डोकावतं. असे तीन-चार टाके सुईवर भरले की अंगुस्तानाने मागून ढकलायचं आणि दोरा ओढायचा. जाड सुती दोरा तीन थरांतून जाताना एक बारीकसा आवाज येतो, सर्रर असा. खोलीत शांतता असेल तरच तो ऐकू येतो. पहिले दोन-तीन दिवस खालचं बोट हुळहुळतं, पुढे तिथली कातडी जरा टणक होते.

यात डोळे एका इंचावर असतात, हात गुंतलेले असतात, मन मात्र निम्मं मोकळं राहतं. दिवसभरातलं काहीबाही वर येतं, थोडा वेळ राहतं, आणि पुढचा टाका घालायचा म्हणून आपसूक बाजूला होतं. मोबाइलमध्ये उलट होतं. तिथे हात रिकामे आणि मन ठासून भरलेलं. शिवाय दोन्ही हात गुंतले असताना मोबाइल धरताच येत नाही, हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता, करता करता कळला.

माझी आई शेवटच्या आजारात अकरा महिने अंथरुणावर होती. मी तिच्या खाटेशेजारी बसून एक छोटी गोधडी शिवली. तिचा ताप चढला त्या रात्रीची ओळ आजही ओळखू येते. टाके मोठे, तिरके, दोन ठिकाणी तर सुई खालच्या थरापर्यंत पोचलीच नाही. नंतर एकदा उसवून नीट करावी म्हणून कात्री घेतली होती. कात्री खाली ठेवली आणि ओळ तशीच राहू दिली. त्या गोधडीवर हात फिरवला की मला ती खोली आठवते, आणि ते आठवणं मला हवं असतं.

वेड्यावाकड्या टाक्यांची लाज वाटणाऱ्या प्रत्येकीला मी एका गोधडीची गोष्ट सांगते. १८४१ साली ‘राजा’ नावाचं जहाज इंग्लंडहून व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला निघालं. जहाजावर शिक्षा झालेल्या सुमारे १८० स्त्रिया होत्या. तुरुंग सुधारण्यासाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या एका समितीने अशा कैदी स्त्रियांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेल्या त्या प्रवासात त्यांनी २,८१५ तुकड्यांची एक गोधडी शिवली. ती आज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात आहे. काही भागांत शिवण अगदी नाजूक आहे, तर काही ठिकाणी टाके मोठे आणि विस्कळीत. काही तुकड्यांवर बारीक तपकिरी डागही आहेत, बहुधा सुई टोचलेल्या बोटांच्या रक्ताचे. हलत्या जहाजावर, घर कायमचं मागे टाकून, काही जणी आयुष्यात पहिल्यांदाच सुई धरत असतील. मला त्या गोधडीतले नाजूक टाके जितके आवडतात त्याहून ते विस्कळीत टाके जास्त जवळचे वाटतात.

सराईत हाताचे एका इंचात आठ-दहा टाके बसतात. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून तुम्हीही तेच मोजायला लागाल, म्हणून आधीच सांगते, तुमचे चार-पाच बसले तरी गोधडी पक्की होते. जाड दोरा आणि मोठा टाका ही तर स्वतःची एक शैली आहे, दिसतेही ठसठशीत. टाक्यांची लांबी साधारण सारखी असावी एवढं बघा. तेही पहिल्या चार-पाच ओळींनंतर हाताला आपोआप कळतं.

आता नवऱ्याचं ‘तयार मिळतात की’. ऊब पाहिजे असेल तर त्याचं बरोबर आहे, तयार पांघरूण लगेच मिळतं. पण रोज सकाळी चालायला जाणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की गाडीने का नाही गेलास. तुम्ही शिवता ती तो अर्धा तास मिळावा म्हणून, हे त्याला एकदा नीट सांगा, भांडण म्हणून नको. आणि हाताने शिवलेल्या गोष्टीत करणारीचं काय उतरतं हे सांगायला माझ्याकडे एक उदाहरण आहे. १९४२ साली सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपानी सैन्याने स्त्रियांना पुरुषांपासून वेगळं कोंडून ठेवलं होतं. नवरा-बायकोला एकमेकांची खबर नाही. तिथल्या स्त्रियांना सहा-सहा इंचांचे चौकोन देण्यात आले आणि प्रत्येकीने त्यावर स्वतःचं असं काहीतरी भरायचं ठरलं. कुणी फूल भरलं, कुणी आपलं घर, बहुतेकींनी नाव. असे ६६ चौकोन जोडून एकेक गोधडी झाली, आणि त्या गोधड्या रुग्णालयासाठी म्हणून बाहेर गेल्या. पलीकडे एखाद्याला आपल्या बायकोचं नाव दिसलं म्हणजे कळायचं, ती जिवंत आहे. सहा इंचांचं कापड होतं ते.

नणंदेच्या ‘झाली का गं?’ला मात्र फार विचार करत बसू नका. ‘नाही, चालू आहे’ म्हणा आणि चहाचं बघा. झाल्यावर ती किंवा आणखी कुणी ‘मलाही एक करून दे’ म्हणेल, त्या वेळी नाही म्हणायची तयारी आत्ताच ठेवा. कुणी विकायचा सल्लाही देईल. तुम्हाला पैशांची निकड असेल तर तो वेगळा विषय, नाहीतर निदान पहिली तीन वर्षं त्या वाटेला जाऊ नका. तारीख, माप आणि गिऱ्हाइकाचा रंग आला की दिवसभराचं ऑफिस रात्री पुन्हा घरात येतं.

कामावरून थकून येणाऱ्या बायकांना गोधडी परवडत नाही असंही नाही हो. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात राबून आल्यावर कामाचे झिजलेले कपडे, जीन्सचे पाय, शर्टांच्या पाठी फाडून गोधड्या शिवायच्या. घरात थंडी होती म्हणून शिवायच्या. गुडघ्याशी विटलेली निळी जीन्स आणि खिसा काढल्यावर उरलेला गडद चौकोन त्यात तसाच दिसतो. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्यांच्या रेघा सरळ नाहीत. कापड जसं मिळालं तशी रचना वळत गेली, आणि ती बघत राहावीशी वाटते. तुम्हालाही पुढे कधी ५२८ सारखे चौकोन कापायचा कंटाळा आला, तर असंही करता येतं हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या सहा ओळींचं गणित.

सहा ओळी, ओळीत २२ चौकोन. म्हणजे आत्ता तुमच्याकडे २४ इंच रुंद आणि ८८ इंच लांब पट्टा तयार आहे. तो मधोमध, अकराव्या आणि बाराव्या चौकोनाच्या मधली एकच शिवण उसवून वेगळा करा. दोन तुकडे होतील, प्रत्येक ४४ बाय २४. ते एकाखाली एक ठेवून एक शिवण मारा. ४४ बाय ४८ इंचांचा वरचा थर झाला. १३२ चौकोन, एका ओळीत अकरा, अशा बारा ओळी. मांडीवर घ्यायला, खुर्चीत बसून पाय झाकायला, लहान मुलावर घालायला अगदी बरोबर माप. तुम्ही ज्याला अर्धवट समजून सात महिने टाळत होतात, ते एका संध्याकाळच्या अंतरावर आहे. उसवायची ती शिवण २४ इंचांची, मारायची ती ४४ इंचांची. ती हातानेही होते, मशीन काढायलाच नको.

उसवण्याआधी त्या शिवणीवर आडव्या ओळींच्या शिवणी जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावा, नाहीतर ओळींच्या टोकांचे टाके सैल होऊन पुढे उसवत जातात. उसवणी, म्हणजे टाके उसवायचं छोटं हत्यार, नसेल तर बारीक कात्रीने दर तिसरा-चौथा टाका कापा आणि उलट बाजूचा दोरा ओढा, तो लांबच्या लांब निघून येतो.

मधल्या थराला घरातली जुनी, धुऊन मऊ झालेली सुती चादर दुहेरी करून घातली तरी चालते. हाताने शिवायला ती सोपी जाते, सुई सहज पार होते. जाड, फुगीर भर घेऊ नका, सुई ओढताना बोटं दुखतात. खालचं अस्तरही सुती आणि सैल विणीचं असावं, आणि वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोठं. नवं कापड असेल तर आधी धुवा. विशेषतः लाल आणि गडद निळं, एकदा कोमट पाण्यात भिजवून रंग जातो का बघाच.

थर टाचणं हे एकच काम असं आहे की ज्याला जमीन आणि सलग दोन तास लागतात. त्यासाठी एक रविवार मागून घ्या आणि मुलाला हाताशी घ्या. आठ वर्षांच्या मुलाला चादरीच्या कोपऱ्यावर बसून ती ताणून धरायला फार आवडतं. अस्तर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा, त्यावर भर, त्यावर तुमचा चौकोनांचा थर. तळव्याने मधून बाहेर सुरकुत्या काढत जा. मग मोठ्या सुईने, कुठल्याही वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, मधून कडेकडे कच्चे टाके घाला, एका हाताच्या रुंदीवर एक ओळ. यात घाई केली तर मागे चुण्या पडतात आणि त्या शेवटी कळतात. संपूर्ण कामात घाई टाळायची जागा ही एकच.

त्यानंतर रोज एक दोरा.

दोरा हातभर घ्यायचा, साधारण १८ इंच. जास्त लांब घेतला तर गुंततो आणि कापडातून जाता जाता विरतो. त्यावर मेणाचा तुकडा एकदा ओढून घेतला की पीळ कमी बसतो. टोकाला छोटी गाठ मारा, सुई वरच्या थरातून घालून जरा पुढे काढा आणि हळूच झटका द्या. ‘टक’ असं होऊन गाठ आत भरात शिरते, दिसत नाही. मग चौकोनांच्या शिवणीपासून पाव इंच सोडून धावदोरा घालत जा. मधल्या ओळीपासून सुरू करा आणि बाहेर सरका. आपल्या जुन्या पद्धतीत कडेपासून सुरू करून आत गोल गोल येतात. तीही सुंदर दिसते, पण कापड हाताने सारखं करत राहावं लागतं. पहिल्या वेळी मधूनच बरं.

हातभर दोऱ्यात बारा-तेरा इंच शिवून होतात. दहा-पंधरा मिनिटं लागतात, सुरुवातीला वीस. दोरा संपला की त्या दिवसाचं काम झालं. दुसरा ओवावासा वाटला तर ओवा. डोळे मिटत असतील तर अर्ध्या दोऱ्यावर सुई टोचून झोपा. एखाद्या दिवशी, एखाद्या आठवड्यात जमलंच नाही, महिनाअखेर आली, बाबांची तब्येत बिघडली, तर गोधडी काही नासत नाही. तुमच्या या मापाला दोन-दोन इंचांवर ओळी घातल्या तर साधारण ८० दोरे लागतील. तीन महिन्यांत होतील किंवा दीड वर्षात. मी तो आकडा देतेय तो एवढ्यासाठी की ५२८ चौकोनांची जी धास्ती मनात बसलीय ती जावी. रोज मोजू नका.

पिशवी वरच्या कप्प्यातून आजच खाली काढा. वर ठेवलेली वस्तू हातात येत नाही, डोळ्यांना नुसती बोचते. एखाद्या टोपलीत किंवा झाकणाच्या डब्यात सामान ठेवा आणि तो डबा जिथे रात्री मोबाइल घेऊन बसता तिथेच ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. हात सवयीने त्या जागी जाईल तेव्हा तिथे डबा असेल. घरात लहान मूल आहे, तेव्हा सुया मोजून ठेवायच्या : तीन काढल्या तर तीन परत, टाचण्या उशीतच.

डोळ्यांचंही लिहून ठेवते. त्रेचाळिसाव्या वर्षी सुईचं भोक दिसत नसेल तर हात थरथरतोय असं वाटतं, पण बहुतेकदा जवळचा चष्मा लागलेला असतो. तपासून घ्या. दिवा डाव्या खांद्यामागून असू द्या, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्या असाल तर उलट. दिवसभर हिशेबाच्या कामात मान खाली असतेच, म्हणून शिवताना मांडीवर उशी घेऊन काम वर आणा, मान खाली नेऊ नका. दोरा ओवताना एकदा खांदे मागे फिरवा.

सासऱ्यांना बसवता येत असेल आणि ते शुद्धीवर असतील, तर कधीतरी त्यांच्या खोलीतच बसून शिवा. त्या वेळी बोलावंच असं नाही. आजारी माणसाला कुणी आपल्याकडे टक लावून बसलं की अवघडल्यासारखं होतं. शेजारी कुणीतरी आपल्या कामात आहे, सुई वर-खाली होतेय, हे बघत पडून राहणं त्यांना सोपं जातं. माझी आई शेवटी शेवटी बोलायची कमी झाली होती, पण दोरा संपला की बोटाने रीळ दाखवायची. त्यांना रंग निवडायला सांगून बघा. मात्र हा तुमचा साडेनऊचा अर्धा तास धरू नका. तो वेगळाच राहू द्या.

कडेला शेवटी अडीच इंच रुंद पट्टी दुहेरी करून लावायची असते. त्याचं कसं करायचं ते तिथवर आलात की लिहून विचारा, आत्तापासून डोक्यात भरू नका.

राहिले उरलेले ३९६ चौकोन. त्यांची पुढची गोधडी करायची असं आज ठरवू नका. एका जुन्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, किंवा वर्गातल्या कुणाला हवे असतील तर देऊन टाका, मन मोकळं होईल. त्यातले दहा-बारा मात्र, प्रत्येक रंगाचा एकेक, वेगळे काढा आणि गोधडीच्या मागच्या बाजूला एका कोपऱ्यात कच्च्या टाक्यांनी एकावर एक लावून ठेवा. गोधडी वापरात आली की पाच-सहा वर्षांनी कुठला तरी चौकोन विरतोच, तेव्हा ठिगळाला तेच कापड लागतं, आणि तोवर प्रत्येक धुण्यात त्यांचाही रंग गोधडीच्या बरोबरीने उतरलेला असतो.

तुमची,
ताई